उडालं म्हणून चुकलं

आयुष्याची चौतीस वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर ट्रेसिंग पेपर ठेवून बरहुकूम रेघा मारल्या. ड्राफ्ट्समनला कल्पनाशक्ती नसावी अशी आमच्या कचेरीची अपेक्षा असे, आणि मी त्या अपेक्षेला कधी तडा जाऊ दिला नाही. भिंत नऊ इंची म्हटली की नऊ इंची. एकदाच काय तो मोह झाला. एका पुलाच्या नकाशात हौसेनं नदीत दोन मासे काढले. साहेबांनी नकाशा परत पाठवला. समासात शेरा होता : ‘माशांना मंजुरी नाही.’ तेव्हापासून ‘हुबेहूब’ हाच माझा धर्म झाला.

त्या धर्मापायी म्हातारपणी मला रॉकेटं बांधावी लागतील असं मात्र कुणी माझ्या पत्रिकेत लिहिलं नव्हतं. आज माझ्या नावावर एक अमेरिकन आणि एक रशियन अशी दोन चंद्ररॉकेटं आहेत. ती घरातल्या कॉम्प्युटरात उभी आहेत, त्यामुळे जागा अडत नाही आणि सोसायटीची परवानगी लागत नाही. पण त्यातल्या रशियन रॉकेटानं माझा धर्म असा काही बुडवला, की आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. ती ही हकिगत.

त्याचं असं झालं. मी कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव लावून बसलो होतो. नातू मागून येऊन म्हणाला, “आजोबा, तुम्हाला मापं घेऊन रेघा मारायला आवडतात ना? मग हे बघा.” आणि त्यानं ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ नावाचा खेळ उघडून दिला.

हा खेळ मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या कंपनीनं २०११ साली लोकांपुढे आणला. तो सुचला फेलिपे फालांघे या तरुणाला. शाळकरी वयात हा गडी पत्र्याची चिमुकली माणसं करून फटाक्यांच्या बाणांवर बसवायचा आणि उडवून द्यायचा. त्या माणसांना त्यानं नाव ठेवलं होतं कर्बल. आमच्या आळीतही दिवाळीत बाणाला काय वाट्टेल ते बांधून उडवणारी मुलं होती. त्यांना त्याबद्दल मार मिळाला, फालांघेला त्यातून खेळ मिळाला. देशोदेशीची रीत वेगळी.

खेळात एक मोठी शेड असते. तिच्यात टाक्या, इंजिनं, नळकांडी, पंख असं सुटं सामान. ते एकावर एक रचायचं, टोकाला डबीत हिरव्या रंगाचा, बटाट्याच्या डोक्याचा कर्बल बसवायचा आणि स्पेसबार दाबायचा. पुढचं सगळं न्यूटनच्या हाती. रॉकेट तोल जाऊन पडायचं असलं तर पडतं, वाकायचं असलं तर वाकतं. माझं पहिलं रॉकेट जागच्या जागी आडवं झालं आणि आडव्या अवस्थेतच जोरात निघालं. कर्बल शेवटपर्यंत हसत होता. आमच्या कचेरीत अशी माणसं असती तर नोकरी सुखाची झाली असती.

महिनाभरात मी कक्षेत जाऊ लागलो. शेजाऱ्यांना सांगितलं, हिला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. तेव्हा नातवानं पहिला टाचणीटोच्या मारला. “आजोबा, यातला ग्रह खोटा आहे. त्याची त्रिज्या फक्त सहाशे किलोमीटर. आपल्या पृथ्वीची सहा हजार तीनशेच्या वर. इथे सेकंदाला सव्वादोन किलोमीटर वेग आला की झालं. पृथ्वीवर जवळजवळ आठ लागतो.”

म्हणजे मी लुटुपुटूच्या विहिरीत पोहत होतो! हुबेहूबपणाच्या पुजाऱ्याला हे कसं सहन व्हावं? मग नातवानं खेळाला पुरवण्या जोडल्या. त्यांना ‘मॉड’ म्हणतात. असल्या खऱ्या मापाच्या भोक्त्या मंडळींनी पदरमोड करून, रात्री जागून या पुरवण्या रचल्या आहेत. एका पुरवणीनं ग्रह खऱ्या मापाचे होतात. दुसरीनं इंजिनं खऱ्यासारखी वागू लागतात, म्हणजे हवं तेव्हा पेटत नाहीत. आणि ही मंडळी करतात काय, तर इतिहासातली रॉकेटं जशीच्या तशी उभी करतात. व्यास तोच, वजन तेच, रंगाचे पट्टे तेच. म्हटलं, आपली जात सापडली. इथे माशांना मंजुरी नाही.

पहिलं काम घेतलं सॅटर्न-पाचचं. सॅटर्न म्हणजे शनी, आणि याच्या पहिल्या टप्प्याला लागतं केरोसीन, सुमारे पावणेआठ लाख लिटर. शनीला तेल वाहण्याची प्रथा आपलीच असं मी समजत होतो. उंची ११० मीटर, बुडाशी व्यास दहा मीटर, खाली पाच प्रचंड एफ-१ इंजिनं. मापं सापडत गेली तसतसा मी रचत गेलो. पण पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधल्या कड्यावर काही बारकी घन इंधनाची रॉकेटं दिसली, ती मी गाळली. एवढ्या राक्षसाला त्या चिमण्यांचा काय उपयोग? उगाच नक्षीकाम.

उड्डाण झालं. पहिला टप्पा झकास जळाला, सुटला, आणि दुसरा पेटेना. स्पेसबार दाबदाबून बोट दुखलं. सगळा डोलारा डौलात अटलांटिक महासागरात गेला.

कारण असं, की पहिला टप्पा बंद पडला की रॉकेटला पुढून-मागून कुणी ढकलत नाही. आतलं इंधन टाकीत तरंगू लागतं, जसं एसटी अचानक थांबली की प्रवासी जागा सोडतात. इंजिनाच्या तोंडाशी इंधनाऐवजी वायूचे बुडबुडे येतात. त्या चिमण्या रॉकेटांनी आधी हलका धक्का द्यायचा, इंधन तळाशी बसवायचं, मग मोठ्यानं पेटायचं. नक्षीकाम म्हणून जे मी गाळलं त्यावरच सगळं अडलं होतं.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळली. खऱ्या रॉकेटावरची प्रत्येक विचित्र गोष्ट म्हणजे कुणाच्या तरी अडचणीचं उत्तर असतं. तुम्ही नक्कल करत गेलात की एकेक अडचण तुमच्याही दारात येऊन उभी राहते. पुस्तकातला इतिहास वाचता येतो, हा बांधावा लागतो.

सॅटर्न उडालं, चंद्रावर जाऊन आलं. घरात शिरा झाला. आणि मग मी एन-१ हाती घेतलं.

एन-१ म्हणजे सोव्हिएत युनियननं माणूस चंद्रावर पाठवण्यासाठी बांधलेलं रॉकेट. दिसायला अजब. सॅटर्न उभ्या खांबासारखं, तर हे खाली सतरा मीटर रुंद आणि वर निमुळतं, जणू कुणी गाजर उलटं उभं केलंय. बुडाशी इंजिनं किती? तीस! कड्यावर चोवीस आणि मध्ये सहा. मी हिला चित्र दाखवलं. ती म्हणाली, “एवढ्या शेगड्या एकदम पेटवायच्या म्हणजे एखादी भडकणारच.” रॉकेटशास्त्राचा तिचा अभ्यास शून्य, पण संसाराचा पन्नास वर्षांचा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीस का? तर त्यामागे एक भांडण आहे. सेर्गेई कोरोलेव हा सोव्हिएत रॉकेटांचा मुख्य रचनाकार. १९५७ सालचा स्पुटनिक त्याचा, १९६१ सालचा गागारिन त्याचा. पण जिवंतपणी सरकारनं त्याचं नाव जगाला कळू दिलं नाही. वॅलेंतिन ग्लुश्को हा इंजिनांचा मोठा जाणकार. १९३८ साली स्टालिनच्या पोलिसांनी दोघांनाही पकडलं होतं. कोरोलेवनं तर कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत जीव जाईतो मजुरी केली होती. पुढे दोघं सुटले, मोठे झाले, आणि चंद्राच्या रॉकेटात कुठलं इंधन घालायचं यावरून हटून बसले. ग्लुश्कोला हवी होती भेटताक्षणी आपोआप पेट घेणारी, साठवायला सोपी रसायनं. कोरोलेवला ती विषारी म्हणून नको होती. त्याचा आग्रह केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनचा. भाऊबंदकीत जे होतं तेच झालं. ग्लुश्कोनं इंजिनं दिली नाहीत.

मग कोरोलेव गेला कुइबिशेवला, निकोलाय कुझ्नेत्सोवकडे. कुझ्नेत्सोव विमानांची इंजिनं करण्यात तरबेज, पण रॉकेटाचं काम नवं. अवाढव्य इंजिन करण्याइतका अनुभव नाही आणि वेळ त्याहून नाही. म्हणून दीडशे टन जोराचं मध्यम इंजिन, आणि अशी तीस. बरं, टाक्या केल्या गोल, लाडवासारख्या, कारण गोल टाकी मजबूत. मोठा लाडू खाली, त्याहून लहान वर, त्याहून लहान त्याच्या वर. म्हणून ते गाजर. एवढा मोठा लाडू रेल्वेच्या डब्यात मावेना, म्हणून रॉकेट बायकोनूरच्या तळावरच जुळवायचं.

आणि दोन टप्प्यांच्या मध्ये भिंतच नाही, नुसत्या तिरप्या नळ्यांची जाळी. मी लगेच सावध झालो. नक्षीकाम समजून गाळायचे दिवस संपले होते. शोधलं तर हे सॅटर्नच्याच अडचणीचं रशियन उत्तर निघालं. खालचा टप्पा ढकलत असतानाच वरचा पेटवून द्यायचा, म्हणजे इंधन तरंगायला सवडच नाही. ज्वाळा जाळीतून बाहेर. चिमण्या रॉकेटांची भानगडच नको. वा रे पठ्ठे!

तीन आठवडे खपून मी एन-१ उभं केलं. तीस इंजिनं एका कड्यात बसवताना कॉम्प्युटर असा धापा टाकू लागला की हिनं त्याला टेबलफॅन लावला. उंची १०५ मीटर, वजन पावणेतीन हजार टनांच्या आसपास. बुडाशी चार जाळीदार पंख. सॅटर्नच्या पहिल्या टप्प्याचा जोर चौतीसशे टन, याचा साडेचार हजारांच्या वर. रंगाची छटासुद्धा जुन्या फोटोंवरून ताडून घेतली. नातवाला बोलावलं, स्पेसबार दाबला.

काय सांगू? उडालं! तीसच्या तीस इंजिनं पेटली, गाजर सरळ वर गेलं, जाळीतून ज्वाळा आल्या, एकामागून एक टप्पे सुटले, आणि सुमारे नव्वद टनांचं ओझं पृथ्वीभोवती फिरू लागलं. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

नातू गप्प. म्हटलं, “काय रे? व्यास चुकला?”

“नाही.”

“वजन?”

“नाही. पण आजोबा, हे एन-१ नाहीये.”

“मग काय आहे? गाजर?”

“एन-१ चार वेळा उडवलं आणि चारही वेळा पडलं. तुमचं पहिल्याच वेळी कक्षेत गेलं. उडालं म्हणून चुकलं.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी अशी चूक कुणी काढली नव्हती. मी वाद घातला. म्हटलं, माप बरोबर, वजन बरोबर, इंजिनाचा जोर बरोबर. तो म्हणाला, तुमची इंजिनं कधीच बिघडत नाहीत, त्यांची बिघडायची. मी म्हटलं, बिघाड म्हणजे का रॉकेटाचा भाग आहे? तो म्हणाला, “मग कशाचा?”

रात्री झोप लागेना. आणि कुठून कोण जाणे, लहानपणीचा किल्ला आठवला. दिवाळीत आम्ही वाड्याच्या अंगणात मातीचा किल्ला करत असू. एका वर्षी पुरंदर केला. बुरूज, माची, आळीव पेरलेली हिरवळ, आणि दरवाज्याहून उंच असा मातीचा मुरारबाजी. वडील बघायला आले. खाली वाकून त्यांनी सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, “हा तहाच्या आधीचा पुरंदर, की नंतरचा?”

मी छाती काढून सांगितलं, “आधीचा!”

“बरं,” म्हणाले आणि गेले. १६६५ साली दिलेरखानाशी लढताना मुरारबाजी पुरंदरावर पडला, तह झाला, महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण अंगणातल्या पुरंदरावर मुरारबाजी दर दिवाळीला उभा. मातीच्या का होईना, त्या मावळ्याला आडवं करायला कुणाचा हात धजणार? वडिलांनी आग्रह धरला नाही. पण प्रश्न विचारून ठेवला होता, आणि तो साठ वर्षांनी मध्यरात्री माझ्या उशाशी येऊन बसला.

सकाळी उठून नातवाला म्हटलं, “बिघाडाची काही पुरवणी मिळते का?”

मिळते. तिनं प्रत्येक इंजिनाला बिघडण्याची शक्यता चिकटते. आता एन-१ची गंमत ऐका. कुझ्नेत्सोवच्या त्या इंजिनातल्या काही झडपा एकदाच वापरता येण्याजोग्या होत्या. म्हणजे इंजिन एकदा पेटवून पाहिलं की ते उडवायच्या कामाचं राहत नाही. काडेपेटीतली काडी ओढून बघावी तसलं. म्हणून सहा इंजिनांच्या घाण्यातली दोन काढून तपासायची, ती चांगली निघाली तर उरलेली चार रॉकेटाला. आपण आंब्याची पेटी घेताना दोन चाखून बघतो त्यातला प्रकार, आणि त्यात आपण किती वेळा फसलोय हे मी सांगायला नको. तिकडे अमेरिकेत एफ-१चं जळणच आधी बिथरत होतं, तर त्यांनी चालू इंजिनात मुद्दाम लहान स्फोट घडवून ते सावरतं का हे पाहिलं, आणि अख्खा पहिला टप्पा जमिनीला बांधून पेटवून बघितला. रशियात तीस इंजिनं एकदम पेटवून बघायला ओटाच बांधला नाही. पैसा नव्हता, वेळ नव्हता. तीसही इंजिनं एकत्र पहिल्यांदा पेटायची ती उड्डाणाच्याच दिवशी.

नातवानं दुधाच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. एक इंजिन शंभरात नव्याण्णव वेळा नीट चालतं असं धरू. पाच असतील तर पाचही नीट चालण्याची शक्यता शंभरात पंच्याण्णव. तीस असतील तर चौऱ्याहत्तर. आणि एक इंजिन अठ्ठ्याण्णव वेळाच चालत असेल, तर तिसांसाठी ती उतरते पंचावन्नाच्या आत. शेगड्यांचं ते वाक्य मी हिला ऐकवलं. ती म्हणाली, “त्यासाठी दुधाचं बिल कशाला खराब केलंत?”

एक-दोन इंजिनं बंद पडली तरी चालेल अशी सोय कोरोलेवच्या मंडळींनी केली होती. कड्यावरचं एक इंजिन गेलं की समोरासमोरचं दुसरं आपणहून बंद करायचं, म्हणजे तोल जात नाही. हे काम ‘कॉर्ड’ नावाच्या यंत्रणेकडे. बैलजोडीतला एक बैल बसला की दुसऱ्यालाही सोडून द्यायचं, त्यातली गत. माझ्या रॉकेटात कॉर्ड नव्हती, म्हणून नातवाची नेमणूक केली. मी उडवणार, त्यानं इंजिनांच्या नकाशाकडे बघत बसायचं.

पहिल्याच खेपेला तो गडबडला आणि चांगलं चाललेलं इंजिन बंद करून मोकळा झाला. मी ओरडलो. मग वाचलं, तर खऱ्या कॉर्डनंही नेमकं हेच केलं होतं! २१ फेब्रुवारी १९६९ला पहिलं एन-१ निघालं आणि लगेच कॉर्डनं चुकीच्या इशाऱ्यावर बारावं इंजिन बंद केलं, आणि नियमाप्रमाणे समोरचं चोविसावंही. तरी रॉकेट जात राहिलं. पण हादऱ्यांनी नळ्या फुटल्या, आग लागली, आणि एकूणसत्तराव्या सेकंदाच्या सुमाराला सगळीच इंजिनं बंद. नातू म्हणाला, “बघा आजोबा, मी हुबेहूब केलं.”

दुसरं उडालं ३ जुलै १९६९च्या रात्री. अपोलो-११ निघायला तेरा दिवस राहिले होते. जेमतेम वर चढलं आणि आठव्या इंजिनाचा ऑक्सिजनचा पंप फुटला. कॉर्डनं तिसातली एकोणतीस इंजिनं बंद केली. अठरावं तेवढं चालू राहिलं. एका बाजूचं एकच इंजिन! रॉकेट तिरकं झालं आणि जिथून उठलं त्याच ओट्यावर, बहुतेक सगळ्या इंधनासकट, परत येऊन पडलं. माणसानं घडवलेल्या अणुस्फोटाखेरीजच्या सर्वांत मोठ्या स्फोटांत त्याची गणना होते. तिसरं २६ जून १९७१ला स्वतःभोवती गरगरू लागलं आणि मोडलं. चौथं २३ नोव्हेंबर १९७२ला निघालं. हे छान गेलं, एकशे सात सेकंद गेलं. पहिल्या टप्प्याचं काम संपायला सातच सेकंद उरली होती, तेव्हा फुटलं.

हे बघायला कोरोलेव नव्हता. १४ जानेवारी १९६६ला शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तो गेला होता. पुढचे सगळे पराभव त्याच्या जागी आलेल्या मिशिनच्या वाट्याला आले.

माझ्या नऊ उड्डाणांपैकी दोन कक्षेत पोचली, सात पडली. पण खरी लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. खेळात एक बटण असतं. रॉकेट फुटलं की ते दाबायचं, की सगळं होतं तसं ओट्यावर उभं. ओटा शाबूत, रॉकेट शाबूत, कर्बल हसतोय. ते बटण मी सवयीनं दाबत होतो, चष्मा पुसावा तसं. ३ जुलैच्या रात्री बायकोनूरला असं बटण कुणाकडे नव्हतं. त्यानंतर तिसरं रॉकेट उडायला दोन वर्षं लागली. नातवाला सांगितलं, “आजपासून हे बटण बंद. पडलं तर पडलं.” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की आपला आजोबा आता कुठे खेळायला लागला.

पुढची कथा तर कुठल्याच पुरवणीत नाही. मे १९७४मध्ये मिशिनला काढलं आणि जागी बसवलं कुणाला? ग्लुश्कोला! ज्याच्याशी भांडून ही तीस इंजिनं आली होती त्यालाच. त्यानं येताच एन-१चं काम थांबवलं. तयार रॉकेटं मोडायचा हुकूम निघाला. टाक्यांच्या नि सांगाड्याच्या तुकड्यांची बायकोनूरला छपरं झाली, आडोसे झाले, गुदामं झाली. चंद्राला निघालेल्या पत्र्याखाली सामान ठेवू लागले. आणि असं काही रॉकेट होतं, आपण चंद्राच्या शर्यतीत होतो, हेच सोव्हिएत सरकारनं १९८९ सालापर्यंत मान्य केलं नाही. पंधरा-पंधरा वर्षं खपलेली माणसं घरी बायकोला तरी काय सांगत असतील? माझ्या पुलाचा नकाशा निदान पुलाच्या रूपानं उभा आहे. माशांशिवाय का होईना.

कुझ्नेत्सोवनं मात्र एक केलं. इंजिनं नष्ट करायचा हुकूम असताना त्यानं ती गुदामात जपून ठेवली. ही नवी इंजिनं, एनके-३३. पाचव्या रॉकेटासाठी केलेली. यांच्या झडपा पुन्हा वापरता येत, म्हणजे इंजिन आधी पेटवून बघायचं, तपासायचं आणि तेच रॉकेटाला लावायचं. आंबा चाखून पुन्हा पेटीत ठेवण्याची सोय! दोन दशकं ती धूळ खात पडली. मग १९९०नंतर त्यातली काही अमेरिकेनं विकत घेतली आणि २०१३ साली ‘अँटारीस’ रॉकेटाला लावून उडवली. काही उड्डाणं चांगली झाली. २८ ऑक्टोबर २०१४ला एक सुटल्यावर काही सेकंदांतच कोसळलं. इंजिनं तोवर चाळिशीची झाली होती. चाळिशीनंतर पंपाचं काही सांगता येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

तर ते पाचवं रॉकेट १९७४ साली उडायचं होतं. नवी तपासलेली इंजिनं लावून जवळजवळ तयार होतं. ते उडालंच नाही.

मी नातवाला म्हटलं, “आपण हे बांधू.”

तो म्हणाला, “पण आजोबा, त्याचं काय झालं असतं ते कुणालाच माहीत नाही. मग बरोबर आलं की चूक हे ठरवणार कसं?”

“म्हणूनच बांधू. हे पडलं तरी बरोबर, उडालं तरी बरोबर. एवढ्या एका रॉकेटाची नक्कल चुकूच शकत नाही.”

पंधरा दिवस लागले. इंजिनं बदलली, बिघाडाची पुरवणी चालू ठेवली, ते बटण बंद ठेवलं. एका रविवारी दुपारी बसलो. नातू कॉर्डच्या जागेवर, बोट कीबोर्डवर. ही स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊन आली आणि दारात उभी राहिली. बोलली काही नाही. स्पेसबार दाबला.

चाळिसाव्या सेकंदाला एक इंजिन गेलं. नातवानं समोरचं बंद केलं, या वेळी बरोबर. साठ. सत्तर. पहिलं इथवर आलं होतं. नव्वदीला मधली सहा इंजिनं ठरल्याप्रमाणे थांबली. शंभर. एकशे पाच. मी श्वास सोडायला विसरलो. एकशे सात.

एकशे आठ.

कुणी टाळी वाजवली नाही. जाळीतून ज्वाळा आल्या, खालचा टप्पा अलगद सुटून मागे राहिला आणि उरलेलं गाजर वर जात राहिलं.

“गेलं का हो?” हिनं विचारलं.

“पहिला टप्पा तरी गेला.”

“मग पुढचं जेवून बघा. आमटी निवतेय.”

“आजी, हे थांबवता येत नाही,” नातू पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

ही क्षणभर थांबली. मग पळी टेबलावर ठेवून शेजारची खुर्ची ओढून बसली.